चार मिनिटं सदतीस सेकंद

मिक्सरवरून एवढं होईल असं अश्विनीला वाटलं नव्हतं. गुरुवारी सकाळी ती चटणी वाटायला बसली, नव्या मिक्सरनं शेंगदाणे नुसतेच भांड्याच्या कडेला उडवून लावले, आणि ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली की जुना होता तो बरा होता, बारा वर्षं कुरकुर न करता चालला, तुम्हीच घाई करून एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलात. बोलायचं म्हणून बोलली. असल्या बोलण्यावर नवऱ्यानं हूं म्हणायचं असतं आणि विषय संपायचा असतो. पण सुदर्शननं हूं म्हटलं नाही. तो डब्याची वाट बघत बसला होता. त्यानं फोन हातात घेतला, दोनतीनदा अंगठा फिरवला, काहीतरी शोधलं आणि फोन टेबलावर ठेवला. फोनमधून अश्विनी बोलायला लागली. "द्या ओ देऊन. काय करायचाय ठेवून? नुसता आवाज करतोय." मागं कुकरची शिट्टी. मग सुदर्शन, "बघ हां, नंतर बोलशील." मग पुन्हा ती, "नाय बोलत. द्या." बारा वर्षांची नूतन दप्तर भरता भरता खदखदून हसली. अश्विनीही हसली, कारण दुसरं काय करणार? "चौदा महिने झाले ह्याला," सुदर्शन म्हणाला, "तारीखवार हाय." आवाजात राग नव्हता. एखाद्याच्या पोल्ट्रीवर कॅमेरा बसवून झाल्यावर पहिलं चित्र नीट दिसलं की तो ज्या सुरात "झालं" म्हणतो, तोच सूर. अश्विनीला मात्र स्वतःचा आवाज ओळखीचा वाटला नाही. बारीक, घाईतला, कुणाला तरी कटवायला बघणारा. तिनं भांडं धुवायला घेतलं आणि पाठमोरी राहूनच विचारलं, "सगळंच व्हतं का रेकॉर्ड?" "आपोआप. फोन घेतल्यापास्नं." "तुमी केलेले फोन?" "केलेले, आलेले, समदे. कुणीबी उचलू दे." नळ वाहत राहिला आणि भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

सुदर्शन जुन्नरपासून आळेफाट्यापर्यंत कॅमेरे बसवायचा. बिबट्यामुळे धंद्याला बरकत होती. गोठा असो, हॉटेल असो, नाहीतर नुसतंच कुंपण, माणसांना आता रात्री काय झालं ते सकाळी चहाबरोबर बघायचं असे. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, पुरावा असला की माणूस भांडत नाही. फोनमधलंही त्याला सगळं कळायचं. कुणाच्या भाच्याला कुठला घ्यावा, कुणाची बॅटरी का उतरते, विचारायला लोक घरी यायचे, आणि हा प्रोसेसर, रॅम, कॅमेऱ्याचा सेन्सर असं एखाद्या बैलाचे दात बघावेत तसं सांगत बसायचा. नव्या फोनांवर मात्र त्याचा राग होता. "त्यो फोन आधीच समोरच्याला बाईच्या आवाजात सांगतो की ह्यो कॉल रेकॉर्ड व्हतोय. मग कोण खरं बोलंल, सांगा?" म्हणून पाच वर्षं जुना, कोपऱ्यात तडा गेलेला फोन त्यानं सोडला नव्हता. अश्विनीला हे सगळं माहीत होतं. नवऱ्याचं हे वाक्य तिनं पाहुण्यांना चहा देता देता पन्नासदा ऐकलं होतं. पण चहा देताना ऐकलेलं कुणी ऐकतं थोडंच! ते वाक्य आपल्यावर येऊन बसेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो कामाला गेला, नूतन शाळेत गेली, आणि अश्विनी ओट्याशी उभी राहिली. गेल्या नऊ फेब्रुवारीला फोन इथंच होता, ओट्यावर, चार्जिंगला. रविवार होता. पारगावला तिच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं, दहाला निघायचं होतं, आणि सुदर्शन खाली पाइप लावून गाडी धूत होता. फोन वाजला, नाव आलं, आई. सासूचा फोन म्हणजे साधी गोष्ट नव्हे. डिंभ्याच्या वर, धरणाच्या पाण्यापलीकडच्या त्यांच्या वाडीत रेंज नव्हती. फोन करायचा तर शाळेमागच्या चढानं वर जाऊन एका सपाट खडकावर उभं राहायचं. त्या खडकाला वाडीतले लोक टॉवर म्हणत. तरण्या माणसाला पंधरा मिनिटं लागत, सासूला, कोंडाबाईला, किती लागत असतील ते तिनं कधी सांगितलं नाही. "सुदा हाय का गं?" "गाडी धुत्यात." "छातीत भरून आल्यागत व्हतंय. त्याला म्हणावं येऊन जा." "सांगते." एवढंच. एक मिनिटही झालं नसेल. मग फोन ओट्यावर पालथा ठेवून ती पिशवी भरायला वळली. नूतननं विचारलं, कोण होतं, आणि तिनं जे उत्तर दिलं ते तिला नीट आठवत होतं. न आठवायला काय झालं? "तुझ्या आजीचं रोजचंच हाय. माझ्या माहेरात काय निघालं की हिच्या छातीत कळ." खोटं नव्हतं ते. आधी तीनदा असंच झालं होतं, तिच्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याला, गावच्या जत्रेला आणि एकदा दिवाळीच्या भाऊबीजेला. तिन्ही वेळा सुदर्शन वाऱ्यासारखा गाडी मारत गेला होता, आणि तिन्ही वेळा म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत बसलेली, आलास का म्हणून हसणारी. मग ओले हात पुसत सुदर्शन वर आला, दारातूनच त्यानं विचारलं, "कुणाचा फोन व्हता का?" आणि ती म्हणाली, "कंपनीचा. नेहमीचं." तो अंघोळीला गेला. रस्त्यात सांगू असं तिनं ठरवलं होतं. मग जेवणं झाल्यावर. मग परत आल्यावर. संध्याकाळी तिनं स्वतःच्या फोनवरून सासूला एकदा लावूनही पाहिला, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. सोमवारी सकाळी सहाला वाडीत शेजारी राहणाऱ्या सुदर्शनच्या चुलतभावाचा, बहिरूचा फोन आला, "काकू उठंना." त्यासाठी तोसुद्धा टॉवरवर चढून आला होता, धापा टाकत होता.

डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी आणलं असतं तर, असं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. सुदर्शन फरशीवर बसून रडत होता, नातेवाइकांचे फोन त्याच्याच फोनवर येत होते, ते अश्विनी घेत होती. मधेच यादीत खाली तिला दिसलं, आई, रविवार, नऊ वाजून सहा मिनिटं. तिच्या अंगठ्यानं ती ओळ पुसून टाकली. आपल्या अंगठ्यानंच केलं, आपण नाही, असं ती पुढं बरेच दिवस धरून बसली. त्याच दिवशी सांगितलं असतं तर सांगण्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी जड झालं, दहाव्याला त्याहून जड, आणि तेराव्यानंतर सांगणं म्हणजे उकरून काढणं झालं. मग तिनं घाबरणंसुद्धा सोडून दिलं. कुणाला माहीत होतं? खडक, म्हातारी आणि ती. नूतन तर ते रोजचंच समजून विसरून गेली होती. आणि आता कळलं की चौथा एक जण पूर्ण वेळ तिथंच पालथा पडून ऐकत होता आणि एक अक्षर विसरलेला नव्हता.

शुक्रवार, शनिवार तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सुदर्शनचा फोन आला की ती एखाद्या साक्षीदारासारखी तोलून तोलून बोलायची. हो. नाही. आणते. "घसा बसलाय का?" त्यानं विचारलं. त्याचा फोन हातात येईल अशी वेळ ती शोधत राहिली, पण तो फोन जेवताना ताटाशी, झोपताना उशाशी. नूतनला व्हिडिओ बघायला द्या म्हणून पाहिलं, त्यानं टीव्हीवर लावून दिला. शनिवारी गाडी धुवायला खाली उतरताना त्यानं फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या खिशात घातला, आणि तेव्हा तिला आठवलं की दिवाळीपासून तो हे असंच करतोय. तिनं त्याला चिडवलंही होतं, सोनं हाय का त्यात? तो हसला नव्हता. पायऱ्यांवर उभी राहून ती त्याला बघत राहिली. सवय असेल. पाण्याच्या भीतीनं असेल. माणूस घाबरला की त्याला सगळ्यात अर्थ दिसायला लागतो, असं तिनं स्वतःला बजावलं आणि कपडे वाळत घालायला गेली. तीन आठवड्यांवर वर्षश्राद्ध आलं होतं. बहिरूच्या घरी पत्रावळी किती सांगायच्या हे विचारायचं राहिलं होतं.

शनिवारीच जेवताना तो म्हणाला की फोन भरलाय, एक फोटो निघेना, आता नवा घ्यावाच लागणार. अश्विनी म्हणाली, घ्या की. इतक्या पटकन म्हणाली की त्यानं मान वर करून पाहिलं. "जुन्यातलं नको ते काढून टाका ना," ती म्हणाली, "कशाला पाहिजेत येवढे फोन साठवून?" "काढायचं काय नाय," तो म्हणाला आणि भाकरी मोडली. "अनसकडं टाकू. त्यो समदं उचलून नव्यात टाकतो."

अनसचं दुकान जुन्नरच्या बाजारपेठेत, दोन कापडदुकानांच्या मधे, समोरासमोर दोन माणसं उभी राहिली की भरणारं. बटणांच्या फोनांच्या काळापासून तो तिथं होता. तेव्हा तो मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा, आता माणसांची पाचपाच वर्षं एका फोनातून दुसऱ्यात भरून द्यायचा. रविवारी दुपारी एकच्या सुमाराला दोघं गेली. "या सुदाभाऊ. वहिनी, बसा," त्यानं एकुलतं एक स्टूल पुढं केलं. नव्या फोनचं खोकं उघडताना म्हणाला, "कुठलाबी घ्या भाऊ, दोन वर्षांत डबडंच व्हणार. कव्हर तेवढं चांगलं घ्या." यावर सुदर्शननं त्याला प्रोसेसरवर पाच मिनिटं ऐकवलं. मग दोन्ही फोन काउंटरवर शेजारीशेजारी ठेवून अनसनं फाइली पाठवायचं ॲप चालू केलं आणि यादीवर खुणा करत गेला, फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं. "ऑडिओ किती हाय हे? अकरा हजार चारशे सहा? समदं रेकॉर्डिंग दिसतंय. घ्यायचं का राहू द्यायचं?" "घे," सुदर्शन म्हणाला. "शेवटी जाईल मग. पाऊण तास धरा." निळी पट्टी हळूहळू सरकायला लागली.

एवढ्यात समोरचा कापडवाला आला. त्याच्या गल्ल्यावरचा कॅमेरा काळा पडला होता, आलाच आहात तर बघा म्हणाला, आणि सुदर्शन गेला. थोड्या वेळानं अनसनं घड्याळ पाहिलं, रुमाल डोक्याला बांधला. "वहिनी, नमाज पढून आलो. वीस मिनिटं. एक करा, स्क्रीन झोपू देऊ नका. झोपली की मधीच तुटतं. बोट लावत राहा." सगळं दुकान, काचेखालचे सगळे फोन तिच्यावर सोडून तो निघून गेला. इतका विश्वास ठेवू नये माणसानं, असं तिला वाटलं.

व्हिडिओ, दोनशे दहापैकी एकशे नव्वद. मग कागदपत्रं, ती थोडीच. मग ऑडिओ. एकदा का ती फाइल पलीकडे गेली की दोन ठिकाणी पुसावी लागणार. अश्विनीनं रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या दुकानात सुदर्शन शिडीवर चढलेला, तोंड भिंतीकडे. तिनं जुना फोन जवळ ओढला. बोटं गार पडली होती, काच ओळखेना, दोनदा पुसून लावावी लागली. रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये आकड्यांच्या ओळीच ओळी. वर शोधायची जागा होती, तिथं तिनं आई असं लिहिलं. तीनशे बारा. पाच वर्षांत म्हातारी तीनशे बारा वेळा त्या खडकावर चढली होती, की सुदर्शन फोन करायचा तेव्हा ती आधी ठरलेल्या वेळी तिथं जाऊन उभी राहायची? हे असलं आता कशाला सुचतंय, म्हणून ती स्वतःवरच चिडली. तारखा खाली खाली नेल्या. नऊ फेब्रुवारी, नऊ सहा. सगळ्यात शेवटची. तीन सेकंदांचं काम होतं. दाबून धरायचं, कचऱ्याची पेटी, हो. तिनं अंगठा नेला आणि तेवढ्यात तिला पुढचा आकडा दिसला. ४:३७.

चार मिनिटं? तिनं पुन्हा वाचलं. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं, हे तिनं वर्षभर स्वतःला सांगितलं होतं, देवासमोर सांगितलं असतं. एवढ्याशा बोलण्यात माणूस मरायला टेकलाय की नाही ते काय कळणार, हाच तर तिचा आधार होता. मग ही उरलेली साडेतीन मिनिटं कुणाची? आणि मग समजलं. तिनं फोन पालथा ठेवला होता. कापला नव्हता. कापायचा राहून गेला होता. म्हणजे ओट्यावर जे जे बोललं गेलं ते फोननं ऐकलं होतं, आणि फोनच्या पलीकडे, खडकावर, छातीवर हात धरून उभ्या असलेल्या बाईनंही.

पुसायचं सोडून तिनं ती फाइल दाबली. कुणाला फोन लावल्यासारखा मोबाईल कानाला धरला, रस्त्यावरून कुणी पाहिलं तर म्हणून. पण सुरुवात झाली नाही. नुसता वारा ऐकू आला. कानापासून फोन काढून तिनं पाहिलं, पट्टी सुरुवातीला नव्हतीच, ३:५८ वर होती, तिथून पुढं चालली होती. या फोनची ती रीतच होती, नूतनच्या गोष्टी ऐकताना तिनं पाहिलेली. आधी ऐकणारा जिथं थांबतो तिथूनच तो पुढं लावतो. आधी ऐकणारा. अश्विनी उठून उभी राहिली आणि उभं राहून काही करायचं नाही हे कळल्यावर पुन्हा बसली. तिनं पट्टी थोडी मागं ओढली. पाण्याचा आवाज, दार, आणि मग सुदर्शन, लांबून, "कुणाचा फोन व्हता का?" आणि लगेच, फोनच्या अगदी जवळून, ती. "कंपनीचा. नेहमीचं." तीन अठ्ठावन्न.

इथंवर ऐकून त्यानं बंद केलं होतं. केव्हा? दिवाळीत. दिवाळीतच, भाऊबीजेनंतर, एक दिवस तो कामावरून आला आणि जेवला नव्हता, पित्त झालंय म्हणाला होता. त्यानंतर तीन महिने तो तिच्या हातचं जेवत होता, तिच्या माहेरी मिठाई घेऊन गेला होता, नूतनच्या वह्यांना कव्हर घालत होता, आणि फोन पिशवीत गुंडाळून गाडी धुवायला नेत होता. पुरावा असला की माणूस भांडत नाही म्हणणारा माणूस पुरावा खिशात घालून गप्प बसला होता. मिक्सरचं त्याला काही पडलं नव्हतं. तो तिला सांगत होता, की बघ, इथं सगळं आहे. तू आपणहून काही बोलतेस का ते बघतोय. आणि ती काय म्हणाली? नको ते काढून टाका. अश्विनीला त्याची भीती वाटली, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग, हे सगळ्यात विचित्र, त्याचा राग आला. इतके दिवस! विचारलं का नाही? एकदा ओरडला असता तर काय झालं असतं?

फोन अजून कानाला होता आणि वारा अजून चालू होता. तिला पुढचं ऐकायचं नव्हतं. पण जिथं तो थांबला तिथं थांबायला तिला तोंड नव्हतं. वारा, मग श्वास, मोठा, अडकत येणारा. कितीतरी वेळ नुसता श्वास. मग कोंडाबाई बोलली, ओरडून नाही, फोनवर ती नेहमी ओरडायची तशी तर नाहीच. "अश्विनी... ऐकतीयास का? बरं... नगं सांगू त्याला. बारशाला निघालासा, जावा. येडा हाय त्यो, गाडी लई जोरात हाणतोय, कुठंतरी धडकंल. मी बसते हितं जरा वाईच. मग बरं वाटंल." पुन्हा श्वास. "बारशाच्या पोरीची दृष्ट काढून काजळ लावा म्हणावं." खट्ट. चार सदतीस.

नव्या फोनवर ऑडिओ सुरू झालं होतं. अकरा हजार चारशे सहापैकी चाळीस, एक्केचाळीस. तिनं स्क्रीनला बोट लावलं, झोपू दिली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पदरानं पुसलं नाही, हात मोकळा नव्हता. म्हातारीनं सगळं ऐकून हे म्हटलं होतं. 'छातीत कळ' हे शब्दसुद्धा. न ऐकता म्हटलं असतं तर अश्विनीनं हे वाक्य ताईत करून गळ्यात घातलं असतं, बघा, त्याच म्हणाल्या होत्या नको सांगू. पण हे वाक्य म्हटलं गेलं तेव्हा तिनं कुठं ऐकलं होतं? तिनं तर त्याआधीच न सांगायचं ठरवलं होतं. यानं तिची सुटका होत नव्हती. मात्र सुदर्शनला हे माहीत नव्हतं. तीन महिने तो आपल्या आईला त्या खडकावर, कुणी उत्तर देत नाही म्हणून ताटकळत उभी ठेवून बसला होता. शेवटच्या एकोणचाळीस सेकंदांत ती त्याच्याचसाठी बोलली होती, आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आता दुसऱ्यांदा निरोप पोचवायचं तिच्याच हातात आलं होतं.

सुदर्शन हात झटकत आला. "अनस कुठंय? झालं का?" मग त्यानं तिचं तोंड पाहिलं, मग तिच्या हातातला फोन, त्यावरची तारीख. तो दुकानाच्या पायरीवरच उभा राहिला, आत येण्याएवढी जागा असूनही. रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न देत गेला.

"आईंचा फोन म्या घेतला व्हता," अश्विनी म्हणाली. "सांगितला नाय. नंतर यादीतनं पुसला पण."

"म्हायतीये."

"तुमी मधीच थांबलाय. पुढं हाय अजून."

"मला नाय ऐकवत तुझं पुढचं."

"माझं नाय काय त्यात. त्यांचंच हाय." तिनं फोन पुढं धरला. "मला काय बोलायचं ते नंतर बोला. घरी बोला, हितं बोला. आधी ह्ये ऐका."

त्यानं फोन घेतला. ऐकल्यावर तो काय करेल ते तिला माहीत नव्हतं. क्षमा करेल की आईची माया कळून तिला उंबऱ्याबाहेर काढेल, दोन्ही सारखंच शक्य होतं, आणि तरी तिचा हात मागं आला नाही. तिनं त्याच्या हातातच पट्टी तीन अठ्ठावन्नवर आणली आणि बोट काढलं. सुदर्शननं फोन कानाला लावला, दुसरा कान हातानं झाकला, बाजारात आईचा फोन आला की लावायचा तसा, आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. आधी वारा असणार. मग श्वास. तो वाट बघत होता. मग त्याचे खांदे एकदम सैल पडले.

"हां आई," तो म्हणाला. "बोल."